ग्राफिक्स कार्डाचा ताप

बारामती-इंदापूर भागात एप्रिल उजाडला की दोन गोष्टी एकदमच येतात. पारा चाळिशीच्या पुढे सरकतो आणि १४ एप्रिलच्या जयंतीची कामे अंगावर पडतात. फ्लेक्स, पत्रिका, मिरवणुकीचे चित्रीकरण, शिवाय लग्नसराईचे अल्बम असतातच. आपल्या वस्त्यांमधील अनेक तरुण जुना संगणक घेऊन घरच्या घरी ही कामे करतात. काही घरांत तर महिन्याचा किराणा त्याच पैशांतून येतो. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात संगणक रुसतो. पंखा घरघरतो, चित्र अडखळते, पडद्यावर रेघोट्या उमटतात, मग सारे काळे. गिऱ्हाईक दारात उभे असते आणि आगाऊ घेतलेले पैसे खर्च झालेले असतात.

इंदापूर तालुक्यातील एका तरुणाला अशा वेळी दुकानात सांगण्यात आले, "कार्ड गेले, नवीन टाका." नव्या कार्डाचा आकडा त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. घरी कॅबिनेट उघडून पाहिले तर कार्डाच्या पंख्यामागे धुळीचा आणि काळ्या काजळीचा गोधडीसारखा थर. आपला भाग कारखान्यांचा. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर. गळीत हंगामात चिमणीतून उडणारी चिपाडाची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तशी ती संगणकातही शिरते. पाचट पेटवल्याचा धूर असतो आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी उडवलेला फुफाटाही असतो. त्या मुलाचे कार्ड गेले नव्हते, गुदमरले होते.

आता कार्ड तापते कशाने, ते पाहू. पडद्यावरील लाखो ठिपक्यांचा हिशेब ग्राफिक्स कार्डावरील एक चिप करते. साध्या कार्डाला पाऊणशे वॅटपर्यंत वीज लागते, मोठ्याला दीडशे-दोनशे वॅट किंवा त्याहून जास्त, आणि त्या विजेची जवळजवळ सारी उष्णताच होते. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब पेटल्यावर हात लावता येत नसे. तेवढी आग इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या किंवा फार तर दोन नखांएवढ्या जागेत असते. ती बाहेर काढण्यासाठी चिपवर धातूच्या पातळ पट्ट्या बसवतात, मोटारसायकलच्या इंजिनावर असतात तशा. त्यांवर पंखा वारा घालतो. चिप आणि धातू यांच्यामध्ये केसाएवढ्या फटी राहतात. त्या भरण्यासाठी पेस्ट लावलेली असते आणि काही वर्षांनी ती सुकून खडूसारखी होते.

यात खोलीची गरमीही मिळते. पत्र्याच्या खोलीत दुपारी हवाच ४२ अंशांची असेल, तर तोच पंखा तीच गरम हवा कार्डावर मारणार. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढेच वर चढते. जानेवारीत बिनतक्रार चालणारा संगणक एप्रिलमध्ये बंद पडतो, त्याचे कारण हे.

स्क्रू काढण्याआधी ताप मोजावा. विंडोज १० मध्ये २०२० च्या सुधारणेपासून टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात स्वतंत्र कार्डाचे तापमान दिसते. तिथे दिसत नसेल तर 'जीपीयू-झेड' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घ्यावा. काम जोरात चालू असताना ६५ ते ८० अंश म्हणजे ठीक. बरीच कार्डे ८३ च्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात. नव्वदीच्या वर सतत राहिले तर दुर्लक्ष करू नये. तापमान साधे असूनही संगणक एकदम खटकन बंद होत असेल, तर कार्डावर आळ घेऊ नये. दोष बहुधा वीजपुरवठ्याच्या डब्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये, किंवा प्रोसेसरच्या पंख्यात असतो.

एक साधी परीक्षा आहे. कॅबिनेटची बाजूची पाटी काढून टेबल फॅन दहा मिनिटे समोर लावा. तापमान धाडकन उतरले तर हवा खेळत नाही, हे निदान. मात्र पाटी कायमची काढून ठेवू नये, आपल्याकडची धूळ पाहता तो उपाय महिनाभरही टिकत नाही. आणि कूलरचे तोंड संगणकाकडे कधीही करू नये. त्याची हवा थंड असते खरी, पण ओलीही असते.

सफाई करताना आधी बटण बंद करून प्लग काढावा आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. (आपल्याकडे पुष्कळ घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेची तार कुठेच गेलेली नसते. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. ते काम वायरमनकडून आधी करून घ्यावे, कार्डाचे नंतर.) एसएमपीएसचा डबा उघडू नये, प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये वीज साठून असते.

कार्डाच्या पट्टीचा स्क्रू आणि स्लॉटची कळ सोडवून कार्ड अलगद काढावे. अंगणात नेऊन मऊ ब्रशने व ब्लोअरने धूळ उडवावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. ओले फडके वापरायचे नाही, तोंडाने फुंकायचे नाही, थुंकी उडते.

निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यावरच मिटतात. नाही मिटली तर पेस्ट बदलावी. कार्ड वॉरंटीत असेल तर मात्र उघडू नये, सरळ परत पाठवावे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, वाटाण्याएवढी नवी लावावी आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. बाजूच्या मेमरीवर मऊ रबरासारखे तुकडे असतात, ते फाटू देऊ नयेत. पेस्ट त्यांची जागा घेऊ शकत नाही.

पैसा न लागणारा उपायही आहे. 'आफ्टरबर्नर' या फुकट प्रोग्रॅममध्ये कार्डाची वीजमर्यादा शंभरऐवजी ऐंशी टक्के करावी. वेग थोडाच घटतो, ताप मात्र चांगला उतरतो. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावे. कपाटात कोंडू नये.

ही झळ मोठमोठ्यांनाही लागलेली आहे. एनव्हिडिया कंपनीला २००८ साली लॅपटॉपमधील सदोष चिपांपायी पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. आपल्याच पुण्यात 'आयसर' संस्थेतील 'परम ब्रह्म' हा महासंगणक पंख्यांच्या भरवशावर ठेवलेला नाही, त्याच्या चिपांची उष्णता द्रवाने वाहून नेतात. आपल्या खोलीत तेवढी सोय नाही, ब्रश आहे.

सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांनी जरा जपावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे 'खाणकाम' बंद झाले आणि त्यात रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. दिसायला चकचकीत, पण पंखे झिजलेले. विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड काम लावून तापमान पाहावे, तो नको म्हणाला तर उठून यावे. आणि बंद पडलेले कार्ड हीट गनने भाजून 'जिवंत' करून देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. असे कार्ड चालू झालेच तर काही दिवस, फार तर काही महिने चालते, पुन्हा मरते.

ब्लोअर प्रत्येकाने घेण्याचे कारण नाही. वस्तीतील चार-पाच मुलांनी वर्गणी काढून एक ब्लोअर, एक पेस्टची नळी आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच विहारात ठेवावा, कोणी नेला त्याची वहीत नोंद करावी. सफाईसाठी मार्चअखेर बरी. तोवर बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो, राख थांबलेली असते आणि जयंतीची पहिली ऑर्डर यायला आठ-दहा दिवस उरलेले असतात.