पाटाच्या कडेने ओमान

मंडळी, ओमानला गेलात तर मस्कतचे मॉल खुशाल राहू द्या, एसी आपल्याकडेही आहे. आधी गाठा डोंगरातलं मिस्फात अल अब्रियीन आणि तिथल्या फलजच्या कडेने चाला. या आठवड्यात मी तेच केलं. फलज म्हणजे झऱ्याचं किंवा जमिनीखालचं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर गावात आणणारा पाट. पंप नाही, मोटर नाही. पाणी गार, नितळ. बोटाएवढे मासे सुळकन पळतात आणि डोक्यावर खजुरीची, चक्क केळीचीसुद्धा सावली. एका वळणावर एका आजोबांनी पाटाच्या तोंडातला चिंध्यांचा बोळा काढला, दगड सरकवला आणि पाणी मुकाट खालच्या वाफ्यात वळलं. ही पाण्याची पाळी पूर्वी दिवसा सावलीवर अन् रात्री ताऱ्यांवर मोजत. आधी पिण्याला, मग धुण्या-आंघोळीला, शेवटी बागांना, असा क्रम. ओमानातल्या अशा पाच फलजांना युनेस्कोने २००६मध्ये जागतिक वारसा ठरवलं. धुळ्याकडची पांझरा नदीवरची, पाणी वाटून शेती भिजवायची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातलं शहाणपण लगेच उमगेल: पाणी कमी असतं तिथेच ते वाटून घ्यायची शिस्त जन्मते. म्हणून म्हणतो, किल्ले आणि वाळूच्या टेकड्या दुसऱ्या दिवशी बघा. देश समजून घ्यायचा असेल, तर तिथलं पाणी कोण, कुणाला, कधी सोडतं, हे आधी पाहावं.