तांब्याची तार तोडण्याआधी



बहारीनमध्ये २०१९ साली बटेल्कोपासून वेगळी काढलेली 'बीनेट' घरोघरी फायबर पुरवते. तेव्हा ईसा टाउनमध्ये बसून तांब्याच्या तारेची बाजू घेणे जुनाटपणाचे वाटेल. वेगात तांबे हरले, यात वाद नाही. एडीएसएल२+ एक्स्चेंजजवळ सेकंदाला फार तर २४ मेगाबिट देते. चार-पाच किलोमीटरवर तिची रया जाते.

पण त्याच तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीची ४८ व्होल्टची वीजही येते. म्हणून घरचे दिवे गेले तरी साधा फोन चालतो (मॉडेम मात्र बंद पडतो). फायबरमधून वीज येत नाही. घरातला डबा बंद, की फोनही बंद. ब्रिटनमध्ये जुनी फोनयंत्रणा २०२५ अखेर बंद व्हायची होती. वृद्धांच्या घरातल्या आपत्कालीन घंटा तिच्यावरच चालतात, म्हणून मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवावी लागली.

आपल्याकडे तर भारनियमन हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक! गावी एकट्या राहणाऱ्या आईबाबांचा विचार कोण करणार? तार काढायचीच असेल, तर फायबरच्या डब्यासोबत बॅटरी कंपनीने स्वखर्चाने बसवावी, आणि ती थकली की बदलूनही द्यावी. तोवर जिथे डीएसएलवर नातवंडांचा चेहरा दिसतो आहे, तिथली तार तोडू नये.