कष्ट लोकांचे, कुलूप मालकांचे

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या मेन्लो पार्क या गावातून ऑक्टोबर १९७२ मध्ये ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ नावाचे एक पत्र निघू लागले. नावात कंपनी असली तरी धंदा करणे हा बॉब आल्ब्रेख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतू नव्हता. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावरच त्यांनी आपली भूमिका जाहीर केली होती. संगणक आज माणसांसाठी नव्हे, तर बहुतांशी माणसांच्या विरुद्ध वापरला जात आहे. माणसाला मुक्त करण्याऐवजी त्याच्यावर हुकमत चालवण्यासाठी वापरला जात आहे. ही स्थिती बदलली पाहिजे, असा त्या भूमिकेचा आशय होता. संगणक म्हणजे सरकारे, बँका आणि बड्या कंपन्या यांच्या तळघरांतील यंत्र, असे समीकरण असलेल्या काळात हे लिहिले गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पन्नासहून अधिक वर्षांनंतर तो अंक जगात कोठेही बसून पाहता येतो. याचे श्रेय बाजाराला नाही. ती प्रकाशनसंस्था केव्हाच अस्तंगत झाली. हे आणि अशा शेकडो नियतकालिकांचे अंक जगले, ते काही ग्रंथपाल आणि असंख्य बिनपगारी स्वयंसेवक यांनी त्यांचे पान नि पान स्कॅन करून सार्वजनिक संग्रहात ठेवले म्हणून. आणि आज प्रश्न असा उपस्थित झाला आहे की, ज्यांनी हे जतन केले त्यांचा त्यावर काही अधिकार आहे की नाही?

जुन्या संगणक-मासिकांचा हा खटाटोप म्हणजे रिकामटेकड्या हौशी मंडळींचा स्मरणरंजनाचा खेळ आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. खेदाची गोष्ट अशी की पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींतही हा समज आढळतो. तो चुकीचा आहे. संगणकाचा जो इतिहास आज रूढ झाला आहे, तो चार-दोन कोट्यधीशांच्या चरित्रांचा इतिहास आहे. एका गॅरेजमध्ये एका प्रतिभावंताला स्फूर्ती झाली आणि जगाला संगणक मिळाला, ही ती कथा. या कथेचा खरेखोटेपणा तपासायचा तर त्या काळची मासिके उघडावी लागतात. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हे यंत्र झळकले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मेन्लो पार्कच्याच एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली सभा भरली, पण ती एकट्यादुकट्याची नव्हे, तर आपले ज्ञान एकमेकांना वाटून देणाऱ्यांची सभा होती. सप्टेंबरमध्ये ‘बाइट’ सुरू झाले. त्याआधी १९७४ मध्ये डेव्हिड आल यांचे ‘क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग’ निघाले होते.

फेब्रुवारी १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणककारांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले आणि तुमच्यापैकी बहुतेक जण आमचा प्रोग्राम चोरून वापरता, असा आरोप केला. हे पत्र सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच काळात दुसरा एक प्रवाह वाहत होता, तो क्वचितच सांगितला जातो. डेनिस ॲलिसन यांनी ‘टायनी बेसिक’ या छोट्या संगणकभाषेचा आराखडा ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’च्या पत्रात १९७५ मध्ये छापला होता. वाचकांनी आपापल्या यंत्रांवर ती भाषा उभी करून पाहिली व आपले काम परत पाठवले. ते छापण्यासाठी जानेवारी १९७६ मध्ये ‘डॉ. डॉब्ज जर्नल’चा जन्म झाला. ली-चेन वँग यांनी त्याच वर्षी आपल्या प्रोग्रामच्या माथ्यावर ‘कॉपीराइट’च्या जागी ‘कॉपीलेफ्ट’ असा शब्द थट्टेने लिहून ठेवला. म्हणजे मालकी आणि सहकार्य हे दोन्ही मार्ग त्या काळी खुले होते व त्यांच्यात उघड झगडा चालू होता. जिंकलेल्यांचा इतिहास जिंकलेले जपतातच. हरलेल्यांचा इतिहास मात्र पिवळ्या पडलेल्या मासिकांतच उरतो. ती मासिके गेली की झगडा झाला होता याचा पुरावाही गेला.

हा पुरावा राखण्यास किती श्रम पडतात याची कल्पना बाहेरच्यांना नसते. ‘बाइट’चे काही अंक पाचशे पानांच्याही वर होते. असा अंक नीट स्कॅन करायचा तर अनेकदा त्याची बांधणी कापावी लागते. म्हणजे मजकूर वाचवण्यासाठी वस्तूचा बळी द्यावा लागतो. नंतर प्रत्येक पान सरळ करणे, कोणते पान गहाळ आहे ते पाहणे, खंड, अंक, महिना व वर्ष यांची नोंद करणे, एकाच अंकाच्या चार प्रतींतून चांगली निवडणे, आणि यंत्राने ओळखलेला मजकूर तपासणे ही कामे असतात. त्या मासिकांत वाचकाने स्वतः टाइप करावयाचे प्रोग्राम छापले जात. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांत घोटाळा झाला की प्रोग्राम चालत नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना ६ च्या जागी ८ उमटवत होती. फाइल लहान व्हावी म्हणून एकसारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच समजायच्या, अशी ती युक्ती होती. पान स्वच्छ दिसे आणि मजकूर खोटा असे. म्हणूनच जाणते स्वयंसेवक मूळ प्रतिमा न आवळता ठेवतात आणि वाचकासाठी वेगळी हलकी प्रत करतात. हे कारागिरीचे काम आहे आणि ते बिनमजुरीने होत आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. अमेरिकेत अशा मासिकांचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीपासून ९५ वर्षे टिकतो. म्हणजे सप्टेंबर १९७५ चा ‘बाइट’ १ जानेवारी २०७१ रोजी लोकांचा होईल! १९९८ पर्यंत ही मुदत ७५ वर्षे होती. त्या वर्षीच्या जुलैमध्ये ‘बाइट’चा छापील अंक बंद पडला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन काँग्रेसने ही मुदत वीस वर्षांनी वाढवली. लेखकाला लिहिण्याचे उत्तेजन मिळावे म्हणून स्वामित्वहक्क असतो, असे सांगण्यात येते. १९७५ साली लिहून झालेल्या लेखाला १९९८ च्या कायद्याने कोणते उत्तेजन मिळाले? उत्तेजन मिळाले ते केवळ साठेबाजीला. धान्याच्या साठेबाजाला निदान भाव वाढल्यावर धान्य विकायचे असते. येथे मालक माल विकतही नाही आणि दुसऱ्याला वाटूही देत नाही.

शिवाय मालक कोण, हेही धड सांगता येत नाही. ‘बाइट’ १९७९ मध्ये मॅग्रॉ-हिलकडे गेले आणि १९९८ मध्ये सीएमपीकडे. ‘क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग’ झिफ-डेव्हिसने घेतले आणि १९८५ मध्ये बंद केले. कित्येक लहान मासिकांचे मालक तर शोधूनही सापडत नाहीत. अशा बेवारस कृतींसाठी कायदा करण्याचे प्रयत्न अमेरिकेत २००६ आणि २००८ मध्ये झाले, दोन्ही फसले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि समाजवाद्यांनी त्याचा गांभीर्याने विचार केला पाहिजे. लेखक, चित्रकार, प्रोग्रामर हेही श्रमिकच आहेत. त्यांच्या श्रमाचे फळ फुकट वाटून टाकणे हा कोणता समाजवाद? आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे बाण चुकीच्या दिशेने सुटतात. स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या लेखकांचे लेख त्यांची परवानगी न घेता संगणकीय माहितीसंचांत घातले म्हणून जोनाथन तासिनी या लेखक-संघटनेच्या नेत्याला २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या मालकांविरुद्ध, कोणा स्वयंसेवकाविरुद्ध नव्हे. तेथे लेखक जिंकले. परंतु पुढे ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या खटल्यात २००८ साली वरिष्ठ न्यायालयाने ठरवले की, संपूर्ण अंक जसाच्या तसा पानांच्या चित्रांच्या रूपात विकायचा असेल, तर मालकाला छायाचित्रकाराची नवी परवानगी घेण्याची गरज नाही. म्हणजे जुना अंक स्कॅन करून विकणारा मालक श्रमिकाला काही न देता निर्दोष ठरतो आणि तोच अंक स्कॅन करून फुकट वाचायला देणारा स्वयंसेवक अपराधी ठरतो! हयात लेखकाने आपला लेख काढून घ्या म्हटले तर तो काढावा, आणि अंक विकून पैसा होत असेल तर त्यातील वाटा त्याला मिळावा. हा नियम कोणताही प्रामाणिक संग्रह मान्य करील. पण लेखकाची ढाल पुढे करून मालकाची तिजोरी राखण्याचे कारण नाही.

कायद्याची ही दुटप्पी चाल गेल्या काही वर्षांत अधिकच उघड झाली आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली, नफा न कमावणारी संस्था आहे. जुन्या संगणक-मासिकांचा मोठा संग्रह तिच्याकडेच आहे. आपल्या मालकीची छापील पुस्तके स्कॅन करून ती वाचकांना उसनी देत असे. चार बड्या प्रकाशकांनी २०२० मध्ये तिच्यावर फिर्याद केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयातही संस्था हरली. पाच लाखांहून अधिक पुस्तके वाचकांपासून काढून घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, कृत्रिम बुद्धिमत्तेचा व्यवसाय करणाऱ्या अँथ्रोपिक कंपनीच्या खटल्याचा निर्णय लागला. या कंपनीने लक्षावधी छापील पुस्तके विकत घेऊन, त्यांची बांधणी कापून, ती स्कॅन करून यंत्राच्या शिक्षणासाठी वापरली आणि कागद टाकून दिला होता. विकत घेतलेल्या पुस्तकांचे हे स्कॅनिंग कॅलिफोर्नियातील न्यायालयाने न्याय्य वापर ठरवले. चोरट्या प्रतींच्या बाबतीत मात्र कंपनीला सूट मिळाली नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दीड अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली. या दोन निकालांत कायदेपंडित सूक्ष्म भेद दाखवतील: कंपनीने प्रती बाहेर वाटल्या नाहीत, ग्रंथालयाने वाटल्या. परंतु निष्पन्न काय होते? तेच पुस्तक, तीच कात्री, तेच यंत्र. भिंतीआड भांडवलाच्या कामी लावले तर न्याय्य. दारात उभ्या असलेल्या वाचकाच्या हाती दिले तर अन्याय्य. वाटणे हाच ज्या व्यवस्थेत गुन्हा ठरतो, त्या व्यवस्थेला तपासून पाहणे हे समाजवादी चळवळीचे कर्तव्यच आहे.

मात्र दोष केवळ मालकांचा नाही. संग्रह चालवणाऱ्यांच्या घरातही झाडलोट करण्याची गरज आहे. सार्वजनिक श्रमातून उभे राहिलेले कित्येक संग्रह प्रत्यक्षात एका व्यक्तीचे संस्थान बनतात. किल्ल्या तिच्याकडे, सर्व्हरचे भाडे तीच भरणार, काय ठेवायचे व काय काढायचे हे तीच ठरवणार. ती व्यक्ती थकली, रुसली किंवा वारली की हजारो तासांचे सामुदायिक श्रम एका रात्रीत नाहीसे होतात. काही जण पानापानावर आपल्या नावाचा शिक्का मारतात. काही जण दुर्मिळ अंक स्कॅन करून केवळ आपल्या गोटात फिरवतात. खाजगी मालकीविरुद्ध लढताना खाजगी मालकीचीच वृत्ती अंगी बाणवली, तर त्या लढ्याला अर्थ उरत नाही. एकाच मोठ्या कोठारावर विसंबणेही तितकेच घातक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर हल्ला झाला, तीन कोटींहून अधिक खातेदारांची माहिती चोरीला गेली आणि काही दिवस ते कोठार सर्वांनाच बंद होते. विकेंद्रीकरण हा केवळ ग्रामरचनेचा सिद्धांत नाही, याचा प्रत्यय त्या दिवसांत आला असेल.

तेव्हा व्यवस्थापनाचे काही नियम स्पष्ट असले पाहिजेत. प्रत्येक अंकाच्या निदान तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या संस्थांच्या ताब्यात असाव्यात. सूची कोणालाही पूर्ण उतरवून घेता यावी; कारण सूची ज्याच्या हाती, संग्रह त्याच्या हाती. कोणी स्कॅन केले, कोणत्या प्रतीवरून केले आणि कोणते पान गहाळ आहे, याची नोंद प्रत्येक अंकाबरोबर असावी. जाहिराती गाळू नयेत. किंमत काय होती आणि ती कोणाला परवडत होती, हे जाहिरातीच सांगतात. अंक काढून टाकण्याचा निर्णय एकट्याने नव्हे, तर निवडून दिलेल्या समितीने, कारण लिहून घ्यावा. सहकारी संस्थेच्या पोटनियमांत जे असते तेच हे आहे. त्यात अवघड काही नाही.

हा प्रश्न परदेशाचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली. बँकांतील संगणकीकरणाविषयी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात सप्टेंबर १९८३ मध्ये करार झाला. या झगड्यांचा इतिहास लिहायचा तर १९८२ पासून निघणाऱ्या ‘डेटाक्वेस्ट’सारख्या नियतकालिकांचे जुने अंक लागतील आणि कामगार संघटनांची पत्रकेही लागतील. भारतातही स्वामित्वहक्काची मुदत १९९२ मध्ये पन्नासवरून साठ वर्षे करण्यात आली. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या ५२ व्या कलमात एक दार उघडले आहे: नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची संगणकीय प्रत त्याला ठेवता येते. सर्वांना वाचू देण्याचा अधिकार त्यात नाही, हे खरे. पण जे आहे तेही वापरले जात नाही, हे त्याहून खरे. गावोगावच्या ग्रंथालयांच्या कार्यकारिणीवर बसलेल्या कार्यकर्त्यांनी जुने अंक रद्दीत जाण्यापूर्वी या तरतुदीचा आधार घ्यावा.

आणि त्यापुढची मागणी निःसंदिग्धपणे मांडली पाहिजे. जे नियतकालिक बाजारात मिळत नाही आणि जे मालकाने ठराविक मुदतीत पुन्हा उपलब्ध करून दिले नाही, ते जपण्याचा आणि विनामूल्य वाचू देण्याचा अधिकार सार्वजनिक संग्रहांना कायद्याने मिळाला पाहिजे. कसेल त्याची जमीन हे तत्त्व या देशाने निदान कागदावर तरी मान्य केले. पडीक टाकलेल्या पानांच्या बाबतीत तेच तत्त्व लागू व्हावे: जो जपेल त्याला वाटण्याचा अधिकार. २०७१ साल उजाडेपर्यंत कागद थांबणार नाही, आणि तो जपणारी माणसेही उरणार नाहीत.