फळ्याचा फोटो नको, मजकूर द्या

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या शाळा-महाविद्यालयांचे शिक्षक, मुख्याध्यापक, संस्थाचालक, पालक आणि शाळांच्या वेबसाइट तयार करून देणारे व्यावसायिक यांना जाहीर आवाहन



प्रांजल पाटील हे नाव आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. उल्हासनगरची मुलगी. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकली, बारावी इथल्याच चांदीबाई कॉलेजातून केली, मग रोज लोकलनं सीएसटी गाठून झेवियर्समधून पदवी घेतली आणि पुढे दिल्लीला जेएनयूत गेली. 2015 च्या नागरी सेवा परीक्षेत 773 वा क्रमांक आला, पण दृष्टिहीन म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेत घेतलं गेलं नाही. 2016 च्या परीक्षेत 124 वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या आणि 2019 मध्ये तिरुअनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या.

त्यांच्याबद्दल बोलताना आपण ‘जिद्द’ म्हणतो आणि तिथंच थांबतो. जिद्द होतीच. पण अभ्यास त्यांनी ‘जॉज’ नावाच्या सॉफ्टवेअरवर केला, जे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतं. छापील पुस्तक त्याला द्यायचं तर आधी ते स्कॅन करून मजकुरात आणावं लागतं. म्हणजे इतर मुलं अभ्यासाला बसत, तेव्हा दृष्टिहीन विद्यार्थी अजून पुस्तक वाचण्याजोगं करण्यात गुंतलेला असे.

आता हा वेळ वाचायला हवा होता. गृहपाठ, नोट्स, वेळापत्रक, सराव प्रश्नपत्रिका, निकाल हे सगळं शाळेच्या वेबसाइटवर, गूगल क्लासरूममध्ये नाहीतर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही महाग राहिलेलं नाही. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणानं 2006 मध्ये सुरू केलेलं ‘एनव्हीडीए’ फुकट मिळतं, मराठीही वाचतं. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ असतंच. अडतं ते आपण काय टाकतो तिथं. तास संपता संपता फळ्याचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर ढकलायचा, ही कोविडच्या काळात लागलेली सवय अजून गेलेली नाही. त्या फोटोवर बोट ठेवलं की फोन नुसतं ‘इमेज’ म्हणतो. पुढचा सगळा धडा त्या एका शब्दात संपतो.

‘आता फोन फोटोतली अक्षरंही ओळखतो की,’ असं कुणी म्हणेल. स्वच्छ छापील पान बऱ्यापैकी ओळखतो, हे खरं. पण खडूनं घाईत लिहिलेली जोडाक्षरं, तक्ता, बाजूला खुणेनं जोडलेली सूत्रं यांत तो चुकतो, आणि चुकला हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. परीक्षेचा अभ्यास अशा भरवशावर कुणी करावा?

मराठी शाळांची आणखी एक खास अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपल्याकडच्या कितीतरी प्रश्नपत्रिका, परिपत्रकं आणि नोट्स अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होतात. डीटीपी करणाऱ्यांचा हात त्यावर बसलेला आहे. कागदावर ते सुंदर दिसतं. पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाइप केलं तर संगणकाच्या लेखी तो शब्द ‘ई-जे-के-बी-एच’ असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, कानांवर मात्र अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग येते. अशी पीडीएफ वेबसाइटवर टाकली की आपण मजकूर दिला असं आपल्याला वाटतं, पण विद्यार्थ्याला काहीच मिळालेलं नसतं. शिवाय अशा फाइलमधला शब्द डोळस मुलालाही शोधता येत नाही.

उपाय अवघड नाही. नवीन सगळं युनिकोडमध्येच टाइप करा. फोनवर आपण रोज करतो ते मराठी टायपिंग युनिकोडच असतं. जुन्या फाइलींचं रूपांतर करणारी मोफत साधनं आहेत. रूपांतरानंतर रफार आणि वेलांट्या एकदा तपासाव्या लागतात, तेवढी मेहनत आहे. डीटीपी करणाऱ्या बंधूंना विनंती, की शाळेला छापील प्रत द्याल तेव्हा युनिकोडमधली फाइलही सोबत द्या. आणि शाळांनी ती मागून घ्यावी.

वेबसाइट तयार करून देणाऱ्यांशी जरा स्पष्ट बोलायचं आहे. तयार साचा घेतला की त्यात पानाची भाषा बहुधा इंग्रजी अशीच नोंदलेली राहते. पान मराठी, नोंद इंग्रजी. मग इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो आणि शब्दांची मोडतोड करतो, कधी ते गाळूनच टाकतो. उल्हासनगरसारख्या शहरात एकाच शाळेच्या पानावर मराठी, हिंदी, इंग्रजी शेजारीशेजारी असतात, तेव्हा ज्या भागाची जी भाषा ती नोंदवा. शीर्षक नुसतं ठळक करून सोडू नका, ते शीर्षक म्हणूनच नोंदवा, कारण एनव्हीडीए वापरणारा एका कळीनं शीर्षकावरून शीर्षकावर जातो. ती नोंद नसेल तर इयत्ता नववीचं वेळापत्रक शोधायला त्याला सगळं पान पहिल्यापासून ऐकावं लागतं. ‘इथे क्लिक करा’ असे दहा दुवे एकाखाली एक ऐकून पाहा, कशाचं काय ते सांगा! ज्यांना माउस धरता येत नाही अशी मुलं कळफलकावर काम करतात. मेनू, फॉर्म, सराव चाचणी सगळं टॅब आणि एंटरवर उघडलं पाहिजे. पांढऱ्यावर फिकट पिवळी अक्षरं कमी दिसणाऱ्याला दिसतच नाहीत.

आणि कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र असलेलं एक बटण बसवून ‘साइट दिव्यांगस्नेही झाली’ म्हणून बिल लावू नका. हे म्हणजे दारात रॅम्प बांधून दाराला कुलूप घालण्यासारखं आहे. असं स्वयंचलित साधन कोणतीही वेबसाइट सुगम करतं असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले.

कर्णबधिर मुलांसाठी व्हिडिओखाली मराठी कॅप्शन द्या, आणि ते यंत्रावर न सोडता स्वतः वाचून दुरुस्त करा. व्हिडिओसोबत धड्याचा टाइप केलेला गोषवारा दिला तर तो अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना आणि आजारपणामुळे गैरहजर राहिलेल्यांनाही उपयोगी पडतो.

हे उपकार म्हणून मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला आणि एप्रिल 2017 पासून लागू आहे. सर्वसमावेशक शिक्षण आणि माहिती-तंत्रज्ञानाची सुगमता दोन्ही त्यात आहेत. राजीव रतुरी खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुगमतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. 30 एप्रिल 2025 च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. पुस्तक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी वाचनीय स्वरूपात बदलायला कॉपीराइट कायद्यानं 2012 पासून मुभा दिली आहे, तेव्हा ते कारणही उरत नाही. पैशांचं म्हणाल, तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. त्यातून शिक्षकांना प्रशिक्षण द्या, अशी मागणी उल्हासनगर महापालिकेकडे आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांकडे आपण सगळ्यांनी मिळून करू या.

‘आमच्या वर्गात असं मूल नाही’ हे उत्तर आम्हाला वारंवार मिळतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. वर्गात नसतील तर ती मुलं का नाहीत, हाही प्रश्न आहे. आणि प्रवेशाच्या वेळी आईवडील शाळेची वेबसाइटच आधी उघडतात; तीच मुलाला वापरता येत नसेल, तर ते त्या शाळेत येईल कसं?

पालकांनो, तुमचं मूल डोळस असलं तरी शाळा व्यवस्थापन समितीच्या आणि पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. दिव्यांग मुलाच्या आईनं एकटीनंच दर वेळी उभं राहून बोलायचं, हे बरोबर नाही.

शिक्षकहो, दिवाळीच्या सुट्टीआधी एवढं करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि टॉकबॅक सुरू करा. एकदा टेकवलं की फोन बोलेल, दोनदा टेकवलं की उघडेल. बंद कसं करायचं ते आधी वाचून ठेवा, नाहीतर घाबरायला होतं. मग डोळे मिटून आपल्याच वर्गाचा कालचा गृहपाठ शोधा. जो सापडला नाही, तो त्याच दिवशी टाइप करून पुन्हा टाका.

आपले,
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील काही शिक्षक आणि पालक