आरशाचा नंबर

आरसा खोटे बोलत नाही, असा त्याचा लौकिक आहे. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून घरातली लहानथोर मंडळी त्याच्यापुढे उभी राहतात आणि तो ज्याचे माप त्याच्या पदरात घालून मोकळा होतो. पण आरशालाही व्यंग असू शकते. ते पाहायचे कोणी, आणि कशात?

मराठीच्या प्राध्यापकाला दुसरा उद्योग नाही, असे वाचक म्हणतील. पण हा प्रश्न आता आपल्या मराठवाड्याच्या दारात आला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अंदाजे खर्च २,६०० कोटी रुपये! काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या आणि नळ्यांच्या टोकांशी आरसे, अशी ही रचना. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर प्रथम टिपली. तिने भुजेच्या लांबीत पाडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. गोंगाटातून अशी क्षीण खूण ओळखण्याचे गणित बसवण्यात पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे.

तिकडचा मुख्य आरसा म्हणजे ३४ सेंटिमीटर व्यासाची आणि ४० किलो वजनाची, काचेच्याच तंतूंनी टांगलेली सिलिकाची जाडजूड चकती. तिचे तोंड सपाट भासते. पण ते सुमारे दोन किलोमीटर त्रिज्येच्या प्रचंड गोलाचा एक इवलासा तुकडा असते. मधोमध खोली किती, तर सुमारे सात मायक्रोमीटर. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण दहावा हिस्सा. एवढ्याशा खोलगटपणातही आडव्या दिशेची वक्रता एक आणि उभ्या दिशेची थोडी निराळी झाली, की आरशात व्यंग आले. प्रकाश एका बिंदूत मिळत नाही, म्हणून याला ‘अबिंदुकता’ म्हणतात. इंग्रजी नावही ग्रीक भाषेतून असाच ‘बिंदू नाही’ म्हणत आले आहे.

आमच्या विंचूरकरांना हे समजवायला ग्रीक लागत नाही. बाजार आवारात लिलावाला आलेल्या ढिगातला एक कांदा उचलावा आणि बोटांच्या चिमटीत धरून फिरवावा. दुरून गरगरीत दिसणारा कांदा एका अंगाने जरा जास्त भरतो, दुसऱ्या अंगाने जरा कमी. माल म्हणून त्यात काही वावगे नाही. आरसा म्हणून मात्र तो नापास!

आणि डोळा म्हणून? आमच्या शेजारच्या आजींची नात सातवीत आहे. वाचताना अडखळायची, ‘मान’ला ‘मन’ म्हणायची, ‘माळा’ला ‘मळा’. घरात तिच्यावर ‘ढ’ असा शिक्का बसला होता. “भाऊ, हिचं लक्षच नसतं बघा पुस्तकात,” आजी मला सांगत. पुढे गावात नेत्रतपासणीचे शिबिर झाले आणि पोरीला चष्मा लागला. दोष बुबुळाच्या गोलाईत होता. आडवी शिरोरेखा तिला स्वच्छ दिसे. उभा काना मात्र पसरून शेजारच्या अक्षरात विरघळून जाई. आपल्या देवनागरीत एवढा काना हरवला की मानाचे मन होते! चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली. “काका, हा नंबर समजला. पण त्याच्यापुढं हे नव्वद कशाचं?” मी सांगितले, तो अक्ष. दोष किती आहे ते नंबर सांगतो. कोणत्या दिशेला आहे ते अक्ष सांगतो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याने १८२५ साली असे भिंग स्वतःच्याच एका डोळ्यासाठी करवून घेतले होते. चांदण्या मोजणाऱ्याला आधी आपला डोळा मोजावा लागला.

वेधशाळेच्या आरशाचाही नंबर आणि अक्ष काढावा लागतो. घडवताना तो तपासतातच. पण वर लेप चढतो, आत साठलेल्या प्रकाशाने काच तापते आणि आकार किंचित पालटतो. म्हणून जागेवर टांगलेला असतानाच त्याची परीक्षा घ्यायची, तीही प्रकाशाकडून. दोन आरशांमध्ये लेसरचा झोत शेकडो येरझाऱ्या घालतो. जाण्यायेण्याच्या अंतरात लहरी नेमक्या पुऱ्या बसल्या, की प्रकाश आत साठतो. पोकळी जणू सुरात लागते. एरवी झोताचा छेद म्हणजे एक गोल ठिपका. पण दोन ठिपक्यांचे झोतही त्या पोकळीत घुमू शकतात : काही शेजारी-शेजारी, तर काही एकावर एक ठिपक्यांचे. शेजारच्या जोडीला आडवी वक्रता जाणवते, वरखालच्या जोडीला उभी. आरसे निर्दोष असतील तर दोन्ही जोड्या एकाच कंप्रतेला लागतात, तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारांसारख्या. व्यंग असेल तर आलेखातले एक शिखर दुभंगून दोन होतात. त्यांच्यातले अंतर मोजले, की दोन्ही आरशांचा मिळून दोष किती ते कळते. ठिपके वाढवले तर शिखरे आणखी फाकतात आणि मापन अधिक बारीक होते. व्यंगाचा अक्ष तिरपा असेल तर ठिपक्यांची जोडीही तिरपी उभी राहते. म्हणजे नंबर मिळाला आणि अक्षही!

नाही मोजले तर? गोल ठिपक्यातला प्रकाश थोडा थोडा इतर आकारांत गळतो, साठा घटतो आणि दूरवरून आलेली क्षीण लहर त्या उणिवेत बुडून जाते. आरसा टाकाऊ ठरवण्याची घाई मात्र तिथे कोणी करत नाही. दोषाचे माप आणि दिशा नोंदवून पुढचे उपाय ठरतात.

या सबुरीचा मला हेवा वाटतो. आम्ही मास्तर मंडळी शंभरापैकी पस्तीस लिहितो, म्हणजे फक्त नंबर लिहितो. अक्षाचा रकानाच आमच्या गुणपत्रिकेत नाही. दिवाळीची सुटी संपली की सहामाहीचे निकाल घरोघरी येतील. कुणाचे मराठीचे गुण घसरलेले दिसतील आणि ‘लक्ष नाही’ हे शब्द ओठांवर येतील. तेव्हा, वाचकहो, एक करा. मुलाला खिडकीशी बसवा, दोन ओळी मोठ्याने वाचून घ्या, आणि तो नेमका कुठे अडतो ते ऐका. काने गळत असतील, तर शिकवणी लावण्याआधी डोळे तपासून घ्या.