बिनपासवर्डाचं दार

बिनपासवर्डाचं म्हणजे बिनकुलपाचं, असं समजणाऱ्या तमाम मंडळींशी माझं भांडण आहे. आमचे साहेब या मंडळींत अग्रभागी. "पासवर्ड न विचारता आत घेतं? म्हणजे धर्मशाळाच की हो!" असं ते म्हणाले, आणि टेबलाचा खण उघडून, आतल्या चिठ्ठीवरचा पासवर्ड बघून कामाला लागले.

आमच्या कचेरीत तीन कॉम्प्युटर. हिशेबाचा विंडोजवर, चित्रांचा मॅकवर, आणि कोपऱ्यात घरघरणारा तिसरा लिनक्सवर. या तिसऱ्यानं रोज रात्री दोन वाजता दोघांकडे जाऊन बॅकअप आणायचा. पण दारात गेलं की प्रश्न: पासवर्ड? रात्री दोनला उत्तर कोण देणार? म्हणून कुणा शहाण्यानं पासवर्ड त्या प्रोग्राममध्येच उघडा लिहून ठेवला. पायपुसण्याखाली किल्ली ठेवायची, आणि पायपुसण्यावर 'किल्ली खाली आहे' असं विणायचं, त्यातला प्रकार! पुढे नियमाप्रमाणे नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलला, प्रोग्राममध्ये बदलायचा राहिला. हिशेबाच्या कॉम्प्युटरनं मान टाकली तेव्हा कळलं, सहा आठवड्यांचा बॅकअपच नाही. सहा आठवड्यांची बिलं आम्ही कार्बन प्रतींवरून पुन्हा चढवली. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला तो तेव्हाच.

वास्तविक एसएसएचचा जन्मच पासवर्डच्या चोरीतून झाला. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणी पासवर्ड टिपून घेतले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. त्यात किल्ल्यांची जोडी असते. जाहीर किल्ली म्हणजे खरं तर कुलूपच. हव्या त्या दाराला लावा. गुप्त किल्ली आपलं घर सोडत नाही. पलीकडचा ती मागत नाही, ती आपल्यापाशी असल्याचा सहीनिशी पुरावा मागतो. पासवर्ड मात्र दर खेपेला पलीकडच्याच्या हाती द्यावा लागतो. आता सांगा, धर्मशाळा कुठली?

हां, घरोघरी सोवळंओवळं निराळं, हे कबूल. मॅकवर 'रिमोट लॉगिन' चालू केलं, लिनक्सवरून 'एसएसएच-कॉपी-आयडी' ही एक आज्ञा दिली, कुलूप बसलं. तिथं फोल्डरला ७०० आणि यादीला ६०० परवानगी असली, म्हणजे मालकाखेरीज कुणाचा हात लागत नसला, की झालं. विंडोजनं मात्र माझे दोन दिवस खाल्ले. ही आज्ञा तिथं चालेना, म्हणून किल्ली हातानं नेऊन नेहमीच्या यादीत लिहिली. दार आपलं पासवर्डच मागतंय! शेवटी उमगलं: खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असेल (आणि साहेबांच्या हट्टानं ते होतंच), तर विंडोज ती यादी बघतच नाही. प्रोग्रामडेटामधल्या एसएसएच फोल्डरात 'ॲडमिनिस्ट्रेटर्स ऑथराइज्ड कीज' अशी वेगळी फाइल लागते. तिच्यावर ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टीम यांखेरीज तिसऱ्याचा हक्क दिसला, तर तीही नामंजूर. आणि दारात उभ्या असलेल्याला यातलं अवाक्षर सांगायचं नाही! थोरल्या जावयाचं पान निराळ्या खोलीत मांडायचं, आणि खोली कुठली ते त्याला कळू द्यायचं नाही, असा हा पाहुणचार.

पण दोन दिवसांचा हा त्रास एकदाच. उद्या कुणी नोकरी सोडली तर यादीतली त्याची एक ओळ खोडायची. साऱ्या कचेरीला नवा पासवर्ड पाठ करायला नको. माणसाच्या किल्लीला परवलीचं वाक्य जरूर लावावं. रात्रीच्या किल्लीला ते लावता येत नाही, म्हणून तिला बॅकअपखेरीज दुसरं काम करू देऊ नये. एवढं पथ्य पाळलं की पुरे.

आता बॅकअप रात्री दोनला बिनबोभाट येतो. साहेबांनाही सुरक्षिततेचं महत्त्व पटलंय. परवा त्यांनी चिठ्ठीच्या खणाला कुलूप बसवलं.

किल्ली टेबलावरच्या पेनस्टँडमध्ये असते.