‘बेचाळीसची करून द्या’ : उंच बॉनेटच्या जीपची बाजू

१/ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका परिचितांच्या जीपचे काम पाहण्याचा योग आला. गाडी १९७४ ची, महिंद्राची, उंच बॉनेटची. मालकांची मागणी एका वाक्याची होती : ‘‘बेचाळीसची करून द्या.’’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज दिसली पाहिजे. या मागणीमागचा इतिहास आणि तिच्याविषयीचे माझे मत, असा हा दीर्घ धागा.

२/ काम देखणे चालले होते. जुने बॉनेट उतरवून भिंतीला टेकवले होते. हिरव्या रंगाचे पापुद्रे निघालेल्या जागी त्याखालची अक्षरे डोकावत होती : ‘शेती खाते’. गाडी पूर्वी एका साखर कारखान्याकडे होती. मिस्त्रींनी त्या बॉनेटकडे बोट दाखवून विचारले, ‘‘मालक, ह्ये भंगारात घालू का?’’ मालक क्षणभरही न थांबता ‘‘घाला’’ म्हणाले. मला मात्र ते उत्तर इतके सोपे वाटले नाही.

३/ आधी मूळ गाडीचा परिचय. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकी सैन्यासाठी विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. विलीजचे मॉडेल ‘एमबी’, फोर्डचे ‘जीपीडब्ल्यू’. आराखडा एकच, परंतु फोर्डने आपल्या सुट्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर ठोकले, कारण दुसऱ्याच्या भागाचा दोष आपल्या माथी येऊ नये.

४/ ‘बेचाळीसची’ हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. विलीजच्या पहिल्या गाड्यांची पुढची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. फोर्डने एकाच पत्र्यातून दाबून काढलेली नऊ फटींची जाळी आणली; ती हलकी आणि स्वस्त पडली, म्हणून १९४२ मध्ये विलीजनेही ती स्वीकारली. आज ज्या जाळीला आपण विलीजचा चेहरा समजतो, तो चेहरा फोर्डने दिलेला आहे.

५/ युद्धकालीन जीपच्या आणखी काही खुणा : पुढची काच दोन तुकड्यांची. मागे फाळका नाही. स्टेपनी पाठीवर. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली. हेडलाइट जाळीच्या आत, आणि ते उलटे फिरवले की उजेड इंजिनावर पडतो, म्हणजे रात्री दुरुस्ती करता यावी. बाजूला कुऱ्हाड आणि फावडे. स्टिअरिंग डावीकडे.

६/ युद्ध संपले तेव्हा विलीजने हीच गाडी शेतकऱ्याला विकण्याचे ठरवले. १९४५ ची ‘सीजे-२ए’ ही नागरी जीप. फटी नवाच्या सात झाल्या, हेडलाइट मोठे होऊन पुढे आले, मागे फाळका लागला. १९४९ च्या ‘सीजे-३ए’ ला अखंड काच मिळाली. येथवर बॉनेट खालीच होते. आपल्याकडे अशा गाडीला ‘लो बॉनेट’ म्हणतात.

७/ १९५३ मध्ये ‘सीजे-३बी’ आली आणि बॉनेट वर गेले. कारण सौंदर्याचे नव्हते, इंजिनाचे होते. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये असत. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला. ताकद साठ अश्वशक्तीवरून सत्तरीपार गेली, पण इंजिनाची उंची वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून विलीजने जाळी आणि बॉनेट दोन्ही उंचावली.

८/ अमेरिकेत या उंच बॉनेटचे फारसे कौतुक झाले नाही आणि १९६८ मध्ये तिकडे तिचे उत्पादन थांबले. आपल्याकडे मात्र १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ हे नाव घेतलेल्या कंपनीने मुंबईत आधी आयात भागांची जोडणी आणि पुढे उत्पादन सुरू केले. उंच बॉनेटचा आराखडा येथे या शतकापर्यंत टिकून राहिला.

९/ या धाग्याचा कणा असलेली गोष्ट येथेच सांगतो. लो बॉनेटची युद्धकालीन जीप ही अमेरिकी सैन्याची आठवण आहे. उंच बॉनेटची जीप ही आपली आठवण आहे. तिचे जन्मस्थान ओहायोतले असेल. तिचे आयुष्य मात्र येथे गेले.

१०/ कोल्हापूर जिल्ह्यात ते कसे गेले, हे चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही विचारा. कारखान्याच्या शेती खात्याचा अधिकारी उसाच्या फडावर हिच्यातून यायचा. निवडणुकीत कर्णा हिच्याच टपावर. गगनबावड्याच्या आणि राधानगरीच्या वाटेवर एसटी चुकली की वडापच्या जीपला लोंबकळायचे. आजारी माणूस, बाळंतीण, नवरदेव, सगळ्यांना तिने वाहिले.

११/ आता रूपांतराचे तंत्र. केवळ बॉनेट बदलून भागत नाही. जाळी कमी उंचीची हवी. बॉनेट मागे जिथे टेकते ती पत्र्याची आडवी भिंत कापून खाली घ्यावी लागते. तिच्यावर दोन तुकड्यांच्या काचेची चौकट बसवायची. मागचा फाळका बुजवायचा. आणि मुख्य अडचण : उंच इंजिन खालच्या बॉनेटखाली मावत नाही. मग इंजिनच बदला, नाहीतर त्याच्यावरचे सामान हलवा. हे परत फिरता येण्याजोगे काम नव्हे.

१२/ उद्यमनगराला ते अवघड नाही. टर्नर, वेल्डर, पत्र्याचा कारागीर आणि ओतकाम करणारा हाकेच्या अंतरावर असतात. या गावाला अशा कामाची परंपराही आहे. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता तेव्हा बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास येथेच तो घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. नक्कल करण्यात कमीपणा नाही, हे कोल्हापूर जाणते. पण तो कॅमेरा विलायती असल्याची बतावणी बाबूरावांनी केली नाही.

१३/ ही हौस केवळ आपली नाही. अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणवणाऱ्या दांडग्या इंजिनाच्या गाड्यांचे असेच होते. पॉन्टियाकची ‘जीटीओ’ १९६४ मध्ये निघाली ती स्वतंत्र गाडी म्हणून नव्हे, तर ‘लमान्स’वर जादा पैसे देऊन घ्यायचा साज म्हणून. त्यामुळे साध्या लमान्सला तो साज चढवून ‘जीटीओ’ करणे सोपे झाले. १९६६ पासून ती स्वतंत्र मालिका झाली आणि चेसिसच्या क्रमांकाची सुरुवातच ‘२४२’ अशी होऊ लागली. तेव्हापासून क्रमांक खरे बोलतो.

१४/ तिकडे या व्यवहारातून एक शिष्टाचार रुजला. अशा गाडीला ‘क्लोन’ किंवा ‘ट्रिब्यूट’ म्हणायचे आणि विकताना तसे सांगायचे. सांगितले तर ती हौस, लपवले तर फसवणूक. आपल्याकडे हौस आली, हा शिष्टाचार अजून यायचा आहे.

१५/ त्याचा परिणाम पाहा. रूपांतरित जीप दारात उभी राहिली की पाहुणा विचारतो, ‘‘कुठली हो?’’ गाडीला भूतकाळ नसतो, म्हणून तो बनवला जातो. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे सत्य. उद्या एखाद्या १९७४ च्या जीपला ‘पोलिश कॅम्पातली’ म्हणायला किती वेळ लागेल? नातवाच्या पिढीला तीच वस्तू पुरावा वाटेल.

१६/ दुसरी बाजू कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

१७/ याहून महत्त्वाचा नियम जुलै २०२१ चा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले खासगी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची.

१८/ आता हिशेब करा. १९७४ ची जीप २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. जसे होते तसे बॉनेट आणि इंजिन ठेवले असते, तर ती स्वतःच्या खऱ्या नावाने व्हिंटेज ठरण्याच्या उंबरठ्यावर होती. आम्ही तिला जुनी दाखवण्याच्या भरात तिचे जुनेपणच घालवले. बत्तीस वर्षांचे खोटे वय मिळवले आणि पन्नास वर्षांचे खरे वय गमावले.

१९/ एक आक्षेप मला मान्य आहे. वडापच्या जीपा तरी कुठे मूळ राहिल्या होत्या? बाके वाढवली, मागचा भाग लांबवला, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले. मग शुद्धतेचा आग्रह आताच का? उत्तर असे की ते बदल पोटासाठी झाले आणि आपली तारीख सांगतात. डिझेल इंजिन पाहिले की पेट्रोलच्या भावाचा इतिहास कळतो. ‘बेचाळीस’चा मुखवटा मात्र काहीच सांगत नाही, तो आधीचे सांगणे पुसतो.

२०/ दुसरा आक्षेप : गाडी माझी, पैसा माझा. हेही खरे. हौसेला बंदी घालावी असे मी म्हणत नाही. सैनिकी जीपचे रूप विलक्षण देखणे आहे आणि ज्यांना मूळ विलीज परवडत नाही किंवा मिळत नाही, त्यांची ओढ मी समजू शकतो. माझा आक्षेप रूपाला नाही, मूळ वस्तू मोडून त्यावर मौन पाळण्याला आहे.

२१/ या प्रश्नाची मोठी आवृत्ती आपल्याच शहरात उभी आहे. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये उभे राहिलेले, आज केशवराव भोसले यांचे नाव मिरवणारे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. ‘होते तसेच उभारा’ ही मागणी दुसऱ्याच दिवशी झाली आणि ती योग्यच होती. परंतु होते तसे उभारलेले नाट्यगृह १९१५ चे नसेल. ते १९१५ च्या रूपातले नवे नाट्यगृह असेल. हे दारावर लिहिले, तर त्याची प्रतिष्ठा वाढेलच.

२२/ वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेत हा विचार नेमका आला आहे. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा; आणि नव्याने बसवलेला भाग शोभून दिसावा, तरी जुन्यापासून वेगळा ओळखता यावा. दगडाला जे लागू, ते पत्र्याला का नसावे?

२३/ म्हणून रूपांतर करणाऱ्यांना चार सूचना. जी जीप आजवर मूळ अवस्थेत आहे तिला हात लावू नका. आधीच मोडतोड झालेली, बॉडी सडलेली गाडी निवडा. मूळ जाळी, बॉनेट, काच जपून ठेवा. काम कोणी आणि कोणत्या साली केले, याची छोटी पट्टी आतून ठोका. कारागिराचे नाव त्या निमित्ताने टिकेल. आणि १९४२ ची बनावट माहितीपट्टी डॅशबोर्डवर कधीही लावू नका.

२४/ दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक निघते, तेव्हा दसरा चौकात माणसे तिच्यासाठी मान उंचावतात. ती आहे त्या सालाची आहे, एवढेच तिला पुरते. जीपला राजघराणे लाभले नाही. तिला शेती खाते लाभले. म्हणून तिच्या सालाची किंमत कमी होत नाही.

२५/ ते बॉनेट भंगारात गेले नाही. मालकांची परवानगी घेऊन, वजनाच्या भावाने पैसे देऊन मी ते घरी आणले. ठेवायला जागा नाही आणि घरच्यांचा रोष आहे. पण अक्षरे अजून वाचता येतात. आपल्या घरच्या आल्बममध्ये उंच बॉनेटच्या जीपसोबतचे छायाचित्र असेल, तर साल आणि गाव लिहून या धाग्याखाली जरूर जोडा. त्या गाडीची खरी आरसी तीच.